साठवलेले बळ

पेंटबॉलच्या मार्करमधून सुटणारी रंगाची गोळी बॅटरीच्या जोरावर उडत नाही. ती उडते टाकीत दाबून भरलेल्या हवेच्या जोरावर. इलेक्ट्रॉनिक मार्करमधली बॅटरी एवढेच करते, की चाप ओढला गेल्यावर सर्किट बोर्डाला आणि सोलेनॉइडच्या झडपेला क्षणभर वीज पुरवते. झडप उघडते, हवा सुटते, साधारण १७ मिलिमीटर व्यासाची जिलेटिनची गोळी सेकंदाला ८०-९० मीटर वेगाने निघते आणि समोरच्याच्या अंगावर फुटून रंगाचा डाग उमटवते. न्यायदर्शन ज्याला निमित्तकारण म्हणते त्या जातीचे हे काम आहे. बॅटरी गोळीत शिरत नाही, गोळीला बळ देत नाही. पण तिच्यावाचून गोळी सुटतही नाही.

या लहानशा साधनापाशी एक जुना प्रश्न उभा राहतो. चार्जरला लावलेला पॅक काही तासांत भरतो आणि मग पिशवीत पडून राहतो. कोणी काही केलेले नाही, कोणाला काही लागलेले नाही. तरी काल जे घडू शकत नव्हते ते आज घडू शकते. हे घडू शकणे कोणाच्या खात्यावर मांडायचे? कर्म चाप ओढल्यावर सुरू होते, की बळ साठवले तेव्हाच ते सुरू झालेले असते?

कर्म आणि फळ यांच्यामधल्या रिकाम्या काळाचा विचार सर्वांत चिकाटीने केला तो मीमांसकांनी. यज्ञ आज होतो, स्वर्ग मेल्यानंतर मिळतो, आणि मधल्या काळात यज्ञ तर केव्हाच संपलेला असतो. संपलेली क्रिया फळ कशी देणार? शबरस्वामी आणि कुमारिल भट्ट यांच्या परंपरेने उत्तर दिले ते अपूर्वाचे. क्रिया संपते, पण तिच्यातून एक न दिसणारे सामर्थ्य निपजते आणि फळ पदरात पडेपर्यंत टिकते. भरलेल्या बॅटरीचेच हे वर्णन आहे असे प्रथम वाटते. दोन ठिकाणी मात्र ते जुळत नाही, आणि खरा विचार तिथूनच सुरू होतो. कुमारिलांच्या मते अपूर्व यजमानाच्या आत्म्यात वसते. ते चोरता येत नाही, उसने देता येत नाही. बॅटरीतले बळ वस्तूत वसते, म्हणून पॅक ज्याच्या हाती, बळ त्याचे. दुसरे असे की अपूर्व फळ दिल्यावाचून विरत नाही. बॅटरी नुसती पडून राहिली तरी गळते. निकेल-मेटल हायड्राइडचा साधा सेल महिन्याभरात डोळ्यांत भरण्याइतका चार्ज गमावतो. कमी गळतीचे म्हणून जे सेल मिळतात ते वर्षानंतरही बराचसा राखतात. लिथियमचा सेल गळतो फार थोडा, पण चुकीच्या स्थितीत ठेवला तर आतून बिघडत जातो. म्हणजे वस्तूत साठवलेले बळ मालकाला सोडून जाऊ शकते, परक्याचे होऊ शकते, आणि ज्या भांड्यात आहे त्यालाच खाऊ शकते. अपूर्व राखावे लागत नाही, बॅटरी राखावी लागते. साठवणाऱ्याची जबाबदारी सुरू होते ती याच फरकातून.

या जबाबदारीची सर्वांत कठोर कथा लोकांनी ज्या गडाशी जोडली तो मराठी मुलुखाच्या अगदी काठावर आहे. रावेरकडून पुढे गेले की बुऱ्हाणपूर, आणि बुऱ्हाणपूरच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर सातपुड्यातल्या वाटेवर नजर ठेवून बसलेला असीरगड. दक्षिणेचा दरवाजा अशी त्याची ख्याती. फारुकी सुलतान, मोगल, १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर पेशवे, मग शिंदे आणि शेवटी १८१९ मध्ये इंग्रज, असे त्याचे धनी बदलत गेले. गडावर महादेवाचे देऊळ आहे. अश्वत्थामा पहाटे येऊन पिंडीवर फूल वाहून जातो असे आसपासच्या गावांत सांगतात. दार उघडणाऱ्याच्या आधीच ताजे फूल वाहिलेले दिसते, ही त्या सांगण्यातली खूण. कपाळावरच्या न भरणाऱ्या जखमेसाठी तो भेटेल त्याच्याकडे तेल आणि हळद मागतो, असेही म्हणतात. नर्मदा परिक्रमा करून आलेल्या मराठी घरांतही ही गोष्ट परिचयाची आहे. तिकडे तो शूलपाणीच्या झाडीत भेटतो.

महाभारताच्या सौप्तिकपर्वातला अश्वत्थामा ज्या कृत्यामुळे शापित झाला ते बहुतेकांना रात्रीच्या कत्तलीपुरतेच आठवते. कथा त्यापुढे जाते, आणि साठवलेल्या बळाचा विचार तिथे आहे. द्रोणांनी ब्रह्मशिर अस्त्र अर्जुनाला दिले होते. मुलाने हट्ट धरला तेव्हा त्यालाही दिले, पण मनापासून नव्हे. माणसांवर ते कधीही सोडू नकोस, अशी तंबी देऊन दिले. पुढे अश्वत्थामा द्वारकेला गेला आणि त्याने कृष्णाकडे या अस्त्राच्या बदल्यात सुदर्शन चक्र मागितले. कृष्ण म्हणाला, उचलून घे. आधी डाव्या हाताने, मग उजव्या हाताने त्याने प्रयत्न केला. चक्र हलले नाही. बळ हवे आहे पण पेलण्याची तयारी नाही, हे व्यासांनी युद्धाच्या कितीतरी आधीच्या प्रसंगातून दाखवून ठेवले आहे.

कत्तलीनंतर पांडवांनी त्याला गंगेकाठी गाठले. हाताशी बाण नव्हता. त्याने गवताची एक काडी उचलली, तिच्यावर अस्त्र योजले आणि पांडवांचा नाश चिंतून सोडले. साधन क्षुल्लक आणि बळ अफाट, ही या प्रसंगातली विसंगती मुद्दाम घडवलेली दिसते. अर्जुनानेही तेच अस्त्र सोडले, पण सोडण्याआधी त्याने गुरुपुत्राचे, स्वतःचे, भावांचे आणि सर्व भूतांचे कल्याण चिंतले आणि हे अस्त्र समोरच्या अस्त्राला शांत करो असे म्हटले. नारद आणि व्यास मध्ये उभे राहिले. जिथे अशी दोन अस्त्रे भिडतात तिथे बारा वर्षे पाऊस पडत नाही, असा तिथे उल्लेख आहे. अर्जुनाने आपले अस्त्र मागे घेतले. ते त्याला जमले याचे कारण कथाच देते: ब्रह्मचर्य, सत्य आणि गुरुसेवा यांनी तो बांधलेला होता. व्रत न पाळलेल्याने हे अस्त्र मागे घेऊ पाहिले तर ते त्याचेच मस्तक उडवते. अश्वत्थाम्याला ते मागे घेता आले नाही. त्याने ते पांडवस्त्रियांच्या गर्भांकडे वळवले. कृष्णाचा शाप आला तो यानंतर, आणि कपाळावरचा मणीही तेव्हाच गेला.

अस्त्रविद्येचे दोन भाग असतात, प्रयोग आणि उपसंहार. अश्वत्थाम्याला पहिला येत होता, दुसरा येत नव्हता. त्याच्याकडे बळ होते हा त्याचा दोष नव्हे. ते अर्जुनाकडेही होते. परत घेण्याची पात्रता न कमावता ते जवळ बाळगणे, हा दोष. आणि तो दोष गंगेकाठी घडला नाही. तो वडिलांपाशी हट्ट धरला त्या दिवशी घडला, सोडण्याच्या कितीतरी वर्षे आधी. वेदान्तात प्रारब्ध कर्मासाठी सुटलेल्या बाणाचा दृष्टान्त देतात: ज्ञान झाले तरी तो वाटेत थांबत नाही, वेग संपेपर्यंत जातो. सौप्तिकपर्व इथे अधिक उदार आहे आणि अधिक कडकही. सुटलेलेही परत येऊ शकते, पण ते परत आणण्याची तयारी सोडण्याच्या क्षणी करता येत नाही. महाभारतात शापाची मुदत ३,००० वर्षांची आहे. लोककथेने ती काढून टाकली आणि त्याला कायमचे भटकत ठेवले. संहितेतल्या शापाचा भर एकटेपणावर आहे, असीरगडच्या कथेचा भर जखमेच्या निगेवर. जो शस्त्राची निगा राखू शकला नाही त्याला रोज स्वतःच्या जखमेला तेल लावत बसावे लागते, असा अर्थ त्या कथेतून काढला तर तो ओढूनताणून काढलेला ठरणार नाही.

न वापरण्याच्या काळात बळ कसे ठेवावे याचे उत्तर त्याच ग्रंथात, विराटपर्वात, आहे. अज्ञातवासाला निघताना पांडवांनी शस्त्रे शमीच्या झाडावर ठेवली, एवढे दसऱ्याच्या निमित्ताने घरोघरी सांगितले जाते. ठेवण्याआधी त्यांनी एकेका धनुष्याची प्रत्यंचा उतरवली, हा तपशील सहसा गळतो. ताणलेले धनुष्य वर्षभर तसेच राहिले तर त्याचा दांडा वाकूनच राहतो आणि जोर जातो. हे धनुर्धाऱ्याला सांगावे लागत नाही. मग नकुल झाडावर चढला आणि पाऊस जिथे पोहोचणार नाही अशा फांद्यांवर त्याने शस्त्रे बांधली. कोणी जवळ फिरकू नये म्हणून झाडाला एक प्रेतही बांधले. ताण उतरवणे, हवामानापासून जपणे आणि परक्या हातापासून दूर ठेवणे, ही तिन्ही कामे त्या एका प्रसंगात आहेत.

लिथियम-पॉलिमर पॅकची निगा याच तीन कामांची आहे. एका सेलचे नाममात्र व्होल्टेज ३.७, पूर्ण भरल्यावर ते ४.२ होते आणि ३ च्या खाली ते कधी जाऊ द्यायचे नसते. वापरात नसेल तेव्हा पॅक सेलमागे साधारण ३.८ व्होल्टवर, म्हणजे निम्म्याच्या आसपास भरलेला ठेवावा. पूर्ण भरलेल्या सेलमध्ये धन अग्राचा पदार्थ इतका आसुसलेला असतो की तो आतल्या द्रावणाचेच विघटन करू लागतो. वायू धरतो, सेल फुगतो. पूर्ण रिकाम्या सेलमध्ये ऋण अग्रामागची तांब्याची पत्री विरघळू लागते, आणि असा सेल पुन्हा भरायला घेतला की ते तांबे नको तिथे साचून आत शॉर्ट होऊ शकतो. तुडुंब ठेवणे आणि कोरडाठाक ठेवणे, दोन्ही घातक. उष्णता या सगळ्याला वेग देते. बुऱ्हाणपूर आणि खानदेशच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जाणे नवलाचे नाही. त्या उन्हात बंद गाडीच्या डिकीत राहिलेला पॅक एका दुपारीत जेवढा म्हातारा होतो तेवढा थंड खोलीत कित्येक आठवड्यांतही होत नसेल. उलट टोकाला, शून्य अंशाखाली चार्ज करू नये. तेव्हा लिथियम आत मुरण्याऐवजी धातूच्या थराने वर साचतो.

निकेलच्या पॅकची तऱ्हा वेगळी. मार्करमध्ये बसणाऱ्या चौकोनी ९ व्होल्टच्या रिचार्जेबल बॅटरीत बहुधा १.२ व्होल्टचे सात छोटे सेल एकापुढे एक जोडलेले असतात, म्हणून तिचे खरे व्होल्टेज ८.४ भरते. जुन्या निकेल-कॅडमियम सेलना थोडेथोडे वापरून पुन्हा भरण्याची सवय लागली की पुढे तेवढ्यावरच त्यांचे व्होल्टेज ढासळे. निकेल-मेटल हायड्राइडमध्ये हा त्रास फार कमी. तिथे धोका दुसरा आहे. माळेतला सर्वांत अशक्त सेल आधी रिकामा होतो, आणि चाप ओढणे चालूच राहिले तर बाकीचे सहा सेल त्याच्यातून उलटा प्रवाह ढकलून त्याला कायमचा नासवतात. म्हणून मार्कर कुचकामी होईपर्यंत न ताणता, गोळीचा वेग किंवा झडपेची साथ मंदावल्याचे दिसताच पॅक बदलावा.

असीरगडाच्या इतिहासात साठ्याविषयीचा एक धडा फार स्पष्ट आहे. १६०० मध्ये अकबराने बुऱ्हाणपूर घेतले आणि गडाला वेढा पडला. बहादूरशाह फारुकीच्या किल्ल्यात धान्य, दारू आणि तोफा यांची वाण नव्हती. जानेवारी १६०१ मध्ये गड मोगलांच्या हाती गेला तो साठा संपला म्हणून नव्हे. तो नेमका कसा गेला, फितुरीने की लाच देऊन की शब्द मोडून, यावर समकालीन वृत्तान्तांचे एकमत नाही; पण तटाच्या आत माणसे आणि जनावरे कोंडली गेली आणि रोगराई पसरली, ही गोष्ट त्यांत येते. १८१९ च्या वेढ्यात तर तोफांच्या मोर्चामागे ठेवलेली दारू उडून वेढा घालणाऱ्या इंग्रज फौजेचेच कित्येक शिपाई ठार झाले. साठ्याला शत्रू-मित्र कळत नाही. तो ज्याच्या जवळ असतो त्याला प्रथम गाठतो.

परक्या हाताचा मुद्दा सर्वांत नेमका मांडला आहे तो जैन आचारशास्त्राने. गृहस्थाच्या व्रतांमध्ये अनर्थदंडव्रत आहे: विनाकारण हिंसेला वाव देणारे वागणे टाळणे. या व्रताचे जे अतिचार श्वेतांबर परंपरा सांगते त्यांत संयुक्ताधिकरण हा एक आहे. हिंसा घडवू शकणारे साधन जोडून, वापराला तयार करून ठेवणे हाच दोष मानला आहे. उखळात मुसळ, नांगराला फाळ, धनुष्यावर बाण, अशी त्याची उदाहरणे. ती वस्तू घरात असणे वेगळे आणि जोडलेल्या अवस्थेत असणे वेगळे. जोडलेली वस्तू कोणीही चटकन उचलून वापरू शकतो. पश्चिमेकडच्या नीतिशास्त्रात हेतू आणि परिणाम यांचा जो वाद शतकानुशतके चालला आहे, त्यात या तिसऱ्या गोष्टीला क्वचितच जागा मिळाली. इथे हेतू तपासलेला नाही, परिणाम घडलेला नाही. तपासली आहे ती फक्त ठेवण्याची रीत.

मार्करच्या बाबतीत ही सूक्ष्मता थेट कामाची आहे. खेळ संपल्यावर बॅरलवर कापडी आवरण चढवणे, हवेची टाकी उतरवणे आणि बॅटरी काढून वेगळी ठेवणे, हे संयुक्ताधिकरण मोडणेच होय. तंत्राच्या बाजूनेही तेच हिताचे आहे. बंद मार्करमधला बोर्डही थोडी वीज ओढत राहू शकतो आणि महिन्या-दोन महिन्यांत लिथियमच्या पॅकला तळाशी नेतो. दोन शास्त्रे वेगवेगळ्या कारणांनी एकाच सल्ल्यापाशी पोहोचतात. त्यामुळे एकाने दुसरे सिद्ध होते असे मात्र नाही. बॅटरी गळते म्हणून हिंसा वाईट ठरत नाही.

चार्ज करण्याच्या क्रियेत जैनांचा आणखी एक विचार लागू पडतो. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमादाशी बांधलेली आहे. जीव जाणे एवढ्याने हिंसा होत नाही, बेसावधपणातून जाणे हिंसा ठरवते. लिथियम पॅक चार्जरवर असतो तो काळ नेमका सावधपणाचा. सेलच्या रसायनाला जुळणारा चार्जरच वापरावा. निकेलचा चार्जर लिथियमला लावला तर ४.२ व्होल्टची मर्यादा त्याला ठाऊकच नसते. अनेक सेलच्या पॅकला प्रत्येक सेल स्वतंत्रपणे सारखा भरणारा बॅलन्स चार्जर लागतो. २,००० मिलिअँपिअर-तासाच्या पॅकला २ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह उत्पादकाने स्पष्ट सांगितल्याशिवाय देऊ नये. खेळून आलेला गरम पॅक निवू द्यावा, मग लावावा. गादीवर, कपाटात, लाकडी फळीवर नव्हे, फरशीवर किंवा आग न धरणाऱ्या पिशवीत लावावा, आणि झोपी जाण्याआधी काढावा. रात्रभर लावून ठेवणे ही मोबाइलने लावलेली सवय आहे. मोबाइलमध्ये संरक्षक सर्किट असते, खेळाच्या उघड्या पॅकमध्ये ते असेलच असे नाही. फुगलेला, फाटलेला किंवा आपटलेला पॅक पुन्हा भरायचा नाही, तो कितीही महाग असला तरी.

यावर एक रास्त आक्षेप निघतो. पेंटबॉल हा खेळ आहे. मार्कर मुळात अमेरिकेत झाडांवर आणि गुरांवर लांबून रंगाची खूण करण्यासाठी बनला, आणि १९८१ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या जंगलात काही मित्रांनी त्याच साधनाने पहिला डाव खेळला. रंगाच्या डागाला ब्रह्मशिराच्या पंक्तीत बसवणे हा शब्दांचा फुगवटा नव्हे काय? प्रमाणाच्या दृष्टीने आक्षेप खरा आहे. पण डोळ्यावरचा मुखवटा काढलेल्या माणसाला तीच गोळी आंधळे करू शकते, म्हणून मैदानावर मुखवटा सक्तीचा असतो. आणि पेटलेल्या लिथियमच्या पॅकला हा खेळ होता हे ठाऊक नसते. शिवाय कथा स्वतःच काडीपासून सुरू होते. बळ किती, याने शिक्षेचे माप बदलेल. बळ ठेवणाऱ्याचे कर्तव्य कोणत्या जातीचे, हे बदलत नाही.

महाराष्ट्रात आश्विन शुद्ध नवमीला, खंडेनवमीला, शस्त्रांची आणि हत्यारांची पूजा होते. तलवारीच्या जागी आता करवत, पान्हे, शिवणयंत्र, संगणक आणि दारातली मोटारसायकल आली आहे, आणि कोणी मार्कर व त्याचे पॅक पाटावर मांडले तर परंपरेला त्याचे वावडे असण्याचे कारण नाही. पूजेचा अर्थ मात्र दोन प्रकारे लावला जातो. एक, साधनात देवता आहे आणि ती प्रसन्न व्हावी. दुसरा, वर्षातून एक दिवस साधन वापरायचे नाही, ते पुसायचे, तपासायचे, त्याची धार आणि गंज बघायचा. पहिला अर्थ घेणाऱ्याने दुसरा सोडला, तर फुगलेल्या सेलवर हळदकुंकू वाहिले जाईल आणि पॅक संध्याकाळी पुन्हा चार्जरवर जाईल. मराठी संतांनी ज्या कर्मकांडावर कोरडे ओढले ते या जातीचे. दुसरा अर्थ घेणाऱ्याने पहिला सोडला तर काही बिघडते का, हा प्रश्न अधिक अवघड आहे. साधनापुढे वाकणारा माणूस ते आपल्या मालकीचे आहे हे क्षणभर विसरतो, आणि अश्वत्थाम्याने हट्टाने मागितलेल्या बळात नेमकी हीच गोष्ट नव्हती. निव्वळ तपासणीच्या यादीतून ती मिळेल की नाही, याविषयी शंका घ्यायला जागा आहे.

उरते ते विसर्जन. जुनी मूर्ती, निर्माल्य, फाटकी पोथी पाण्यात सोडण्याची रीत तापीकाठच्या गावांतही आहे, आणि श्रद्धेने वापरलेले जुने साधन त्याच वाटेने जावे असे कोणाला वाटू शकते. बॅटरीला ती वाट बंद आहे. कॅडमियम विषारी आहे, आणि लिथियमचा सेल कचऱ्याच्या गाडीत दाबला गेला तर पेटतो. भारतात २०२२ पासून लागू असलेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांचा पुनर्वापर घडवून आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि त्या घरच्या कचऱ्यात न मिसळता वेगळ्या देण्याची वापरणाऱ्यावर. निरुपयोगी ठरलेल्या पॅकचा उरलासुरला चार्ज मंद गतीने उतरवावा, त्याच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावावी, दुसऱ्या धातूला टेकणार नाही असा तो कोरड्या डब्यात ठेवावा आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत संकलन केंद्रावर पोहोचवावा. फुगलेला पॅक दाबून, टोचून किंवा गुंडाळून सपाट करू नये. तो घराबाहेर, पेट घेईल असे काही जवळ नसेल अशा जागी ठेवून शक्य तितक्या लवकर द्यावा.